घरगुती विद्युत उपकरणांतील बिघाड : नागपूरच्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात उपकरणे बिघडण्याचे हंगाम जवळपास ठरलेले आहेत. मार्चअखेरीस कूलर बाहेर निघतात तेव्हा त्यांच्या मोटरी आणि पंपांच्या तक्रारी येतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला की फ्रिज आणि एसी बंद पडू लागतात, पहिल्या वादळी पावसात टीव्ही आणि सर्किट बोर्ड जळतात आणि डिसेंबरच्या थंडीत गीझरची पाळी येते. खालील उत्तरे याच क्रमाने येणाऱ्या प्रश्नांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. घरच्या माणसाने कोठपर्यंत तपासावे आणि कोठे थांबावे, हे त्यांत मुद्दाम स्पष्ट केले आहे.

उपकरण अचानक बंद पडले, तर तपासणी कोठून सुरू करावी?

भिंतीपासून सुरू करावी. उपकरण उघडण्याची घाई करू नये. ज्या सॉकेटवर ते चालत होते, त्याच सॉकेटवर चालू स्थितीतला टेबल लॅम्प किंवा मोबाइलचा चार्जर लावून पाहावा, आणि बंद पडलेले उपकरण दुसऱ्या खात्रीच्या सॉकेटवर लावून पाहावे. या दोन साध्या कृतींनी दोष घराच्या वायरिंगमध्ये आहे की उपकरणात, एवढा निवाडा होतो. पुढचे सगळे श्रम या निवाड्यावर अवलंबून असतात.

त्यानंतर प्लग हातात घेऊन उजेडात नीट पाहावा. पितळी पिनेच्या मुळाशी तपकिरी कडे उमटले असेल, प्लास्टिक किंचित फुगले असेल आणि जळक्या बॅकेलाइटचा उग्र वास येत असेल, तर पिन आणि सॉकेट यांचा संपर्क सैल आहे आणि तेथे ठिणग्या पडत आहेत, असे समजावे. अशा वेळी नुसता प्लग बदलून भागत नाही, कारण सॉकेटच्या आतील पट्ट्याही उष्णतेने ढिल्या पडलेल्या असतात आणि त्या नवा प्लगही जाळतात. दोन्ही एकदमच बदलावेत. प्लगनंतर कॉर्ड तपासावी. ती जेथे उपकरणात शिरते आणि जेथे प्लगमधून बाहेर पडते, त्या दोन जागी वाकून वाकून आतली तार तुटते. इस्त्रीच्या बाबतीत तर बहुतेक वेळा दोष तेथेच सापडतो.

मेकॅनिकला बोलावण्यापूर्वी लक्षण नेमक्या शब्दांत ठरवून ठेवावे. उपकरण पूर्ण निर्जीव आहे, गुणगुणते पण फिरत नाही, फिरते पण काम करत नाही, की चालू करताच एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप वीज तोडणारा स्विच) पडतो? या चारही लक्षणांची कारणे एकमेकांपासून अगदी वेगळी असतात.

टेस्टर पेटतो, तरीही उपकरण चालत नाही. असे का होते?

टेस्टरचा दिवा फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी तार, चालू असल्याचे सांगतो. न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तुटलेली असली तरी तो पेटतो, मात्र परिपथ पूर्ण होत नसल्याने उपकरण चालत नाही. त्याचप्रमाणे टेस्टर पेटला नाही, म्हणजे तार सुरक्षित आहे, असाही अर्थ काढता येत नाही. टेस्टर स्वतःच खराब असू शकतो. विश्वासार्ह तपासणी मल्टिमीटरनेच होते. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये साधारण २३० व्होल्ट, फेज आणि अर्थ यांच्यामध्येही तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यामध्ये नगण्य व्होल्टेज दिसायला हवे. शेवटचे वाचन बरेच मोठे आले किंवा दुसरे वाचन शून्याकडे झुकले, तर अर्थिंगची तपासणी करून घेतल्याशिवाय त्या सॉकेटवर कूलर, गीझर किंवा वॉशिंग मशीन लावू नये.

कूलरला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. हे किती गंभीर आहे?

यापेक्षा गंभीर प्रश्न या पानावर दुसरा नाही. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या झटक्याने माणसे दगावतात, त्यांत लहान मुले असतात, आणि बहुतेक प्रसंगांत आधी काही दिवस ‘थोडा करंट मारतो’ असे कोणीतरी म्हटलेले असते. झिणझिणी जाणवताच मुख्य स्विच बंद करावा, त्यानंतर प्लग काढावा आणि दोष सापडेपर्यंत तो कूलर वापरू नये. चपला घालून वापरणे किंवा प्लग उलटा लावून पाहणे हे उपाय नव्हेत.

लोखंडी पत्र्याच्या कूलरमध्ये वीज पत्र्यावर उतरण्याच्या जागा ठरावीक आहेत. पहिली जागा म्हणजे पाण्यात बुडालेला पंप. त्याच्या कॉइलवरील सील उन्हाने आणि क्षारांनी तडकते आणि पाणी आत शिरते. दुसरी जागा पंपाची वायर. ती पत्र्याच्या धारेवरून आत घेतलेली असते, आणि मोटरच्या थरथरीने त्या धारेवर तिचे आवरण कापले जाते. म्हणून पत्र्याला जेथे भोक आहे, तेथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेवर बसणारे कडे, असलाच पाहिजे. तिसरी जागा मोटर, जिच्या वाइंडिंगवर पाण्याचे तुषार वर्षानुवर्षे उडत राहतात. खिडकीच्या लोखंडी जाळीला टेकवलेला कूलर असेल, तर ही वीज जाळीवरही उतरते, आणि बाहेरून जाळी धरणाऱ्याला कूलरशी आपला संबंध आहे याची कल्पनाही नसते.

तपासणीसाठी पंप आणि मोटर यांच्या वायरी एकमेकींपासून सोडवून प्रत्येकीचे इन्सुलेशन स्वतंत्रपणे मेगरवर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणावर, पाहावे लागते. ५०० व्होल्टच्या मेगरवर किमान १ मेगाओम रोध यायला हवा. साध्या मल्टिमीटरवर दोष दिसला तर तो नक्की आहे असे समजावे. न दिसल्यास तो नाहीच, अशी खात्री मात्र देता येत नाही. हाताच्या मागच्या बाजूने पत्र्याला स्पर्श करून पाहण्याची जुनी सवय काही कारागिरांना अजूनही आहे. तिचे अनुकरण कोणीही करू नये.

कूलरमध्ये पाणी भरताना केवळ स्विच बंद करणे पुरेसे नाही. अनेक जुन्या घरांत स्विच चुकून न्यूट्रलवर जोडलेला असतो, त्यामुळे तो बंद केल्यावरही पंपापर्यंत फेज पोहोचलेली असते. म्हणून प्लग काढूनच टाकी भरावी. कॉर्ड तीन तारांची आणि प्लग तीन पिनांचा असावा, आणि हिरवी तार पत्र्याला रंग खरवडून, नटबोल्टने घट्ट बसवलेली असावी. रंगावरून बांधलेली अर्थिंगची तार निरुपयोगी असते, आणि स्थानिक बनावटीच्या कूलरमध्ये ही चूक वारंवार आढळते.

घरात एमसीबी आहेत. मग आरसीसीबी वेगळा कशासाठी?

एमसीबी वायरिंगचे रक्षण करतो, माणसाचे करत नाही. १६ अँपिअरचा एमसीबी त्याहून जास्त प्रवाह वाहू लागल्यावर पडतो, तर माणसाच्या हृदयाची लय बिघडवायला काही दहा मिलिअँपिअर, म्हणजे त्याच्या शेकडो पटींनी कमी प्रवाह पुरेसा असतो. कूलरला चिकटलेल्या माणसाच्या शरीरातून वाहणारा प्रवाह एमसीबीच्या दृष्टीने नगण्य असतो. आरसीसीबी फेजवरून गेलेला आणि न्यूट्रलवरून परतलेला प्रवाह सतत ताडून पाहतो. दोन्हींमध्ये ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की तो सेकंदाच्या अंशात वीज तोडतो. त्यामुळे घरासाठी ३० मिलिअँपिअरचाच आरसीसीबी घ्यावा. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचे प्रकार आगीपासून संरक्षणासाठी असतात. त्यावरील ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ असे लिहिलेले बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

आरसीसीबी बसवल्यावर तो ‘उगाच’ पडतो, अशी तक्रार घेऊन लोक तो काढून टाकतात, याचे मनापासून वाईट वाटते. तो उगाच पडत नाही. घरात कोठेतरी गळती असते. सर्व उपकरणांचे प्लग काढून एकेक लावत गेल्यास दोषी उपकरण तासाभरात सापडते, आणि एकही प्लग नसताना तो पडत असेल, तर गळती वायरिंगमध्ये आहे.

अर्थिंग केलेले आहे, तरी उन्हाळ्यातच झटके का जाणवतात?

अर्थिंगचा खड्डा ओल्या मातीवर अवलंबून असतो. नागपूरच्या बऱ्याच भागांतील काळी माती उन्हाळ्यात कोरडी पडून भेगाळते, प्लेटभोवतीची ओल निघून जाते आणि मातीचा रोध वाढतो. म्हणजे कूलर सुरू करण्याच्या दिवसांतच त्याचे संरक्षण सर्वांत कमकुवत झालेले असते. मार्च ते जून या काळात दर आठवड्याला अर्थिंगच्या पाइपातून बादलीभर पाणी सोडावे, आणि पाइपावरचा तारेचा बोल्ट गंजलेला असल्यास तो स्वच्छ करून पुन्हा आवळून घ्यावा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी सोसायटीकडे याची मागणी करावी. इमारत बांधताना केलेल्या अर्थिंगची नंतर अर्थ टेस्टरने मोजणी झाली आहे का, एवढे विचारले तरी बरेच कळते.

कूलरची मोटर गुणगुणते, पण पंखा फिरत नाही. मोटर जळली का?

बहुधा नाही. प्लग काढून पाते हाताने फिरवून पाहावे. ते जड फिरत असेल, तर बुश किंवा बेअरिंग सुकले आहे. तेथे पातळ मशीन ऑइलचे काही थेंब पुरतात, खोबरेल तेल मात्र घालू नये, कारण ते गोठून चिकट होते. पाते हलके फिरत असेल, तर संशय कपॅसिटरवर, म्हणजे मोटरला फिरायला सुरुवात करून देणाऱ्या भागावर, घ्यावा. जुन्याच मूल्याचा, म्हणजे त्यावर जेवढे मायक्रोफॅरड छापले आहेत तेवढ्याचाच, नवा कपॅसिटर बसवावा. जास्त मूल्याचा बसवल्यास पंखा जोरात फिरेल या समजुतीने मोटरी जळतात. जुना कपॅसिटर काढण्यापूर्वी त्यातील साठलेला विद्युतभार उतरवून घेणे आवश्यक आहे.

पंप गुणगुणत असेल आणि पाणी वर चढत नसेल, तर त्याची जाळी आणि पुढचे झाकण काढावे. आत बोटाच्या पेराएवढे एक प्लास्टिकचे चाक असते. बोअरच्या पाण्यावर चाललेल्या पंपात त्या चाकाच्या पाकळ्यांवर पांढरा, खरखरीत थर चढलेला दिसतो आणि मधोमध वुडवुलचा (कूलरच्या ताट्यांत भरलेल्या लाकडी तंतूंचा) एखादा तंतू गुंडाळलेला सापडतो. व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या पाण्यात ते चाक काही वेळ ठेवून जुन्या टूथब्रशने घासले, की पंप बहुतेक वेळा पूर्ववत चालतो.

कूलर व्यवस्थित चालतो, पण हवा गार येत नाही.

वरच्या पन्हळीतील भोके क्षारांनी बुजली की ताट्यांचा काही भाग कोरडा राहतो आणि त्या कोरड्या भागातूनच गरम हवा आत येते. ताट्यांना हात लावून हे लगेच कळते. दुसरे कारण खोलीचे आहे : हवा बाहेर जायला वाट नसेल, तर खोलीत नुसता दमटपणा साठतो, म्हणून कूलरच्या समोरची खिडकी उघडी असावी. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर कूलर निकामी वाटतो, त्यात यंत्राचा दोष नसतो. दमट हवेत पाण्याचे बाष्पीभवन मंदावते. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासावी, कारण डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो.

फ्रिजमधून थोड्या थोड्या वेळाने ‘टक’ असा आवाज येतो आणि तो थंड होत नाही.

कॉम्प्रेसर सुरू होण्याचा प्रयत्न करतो, जास्त प्रवाह ओढतो आणि त्याचा ओव्हरलोड प्रोटेक्टर त्याला तोडतो. काही मिनिटांनी तो गार झाल्यावर तेच पुन्हा घडते. प्रथम व्होल्टेज पाहावे. ते योग्य असेल, तर साध्या कॉम्प्रेसरच्या बाजूला बसवलेली रिले काढून कानाजवळ हलवावी. आत तुकडे खुळखुळत असतील तर ती फुटलेली आहे आणि बदलावी लागेल. हे फ्रिजचा प्लग काढूनच करावे. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरला अशी रिले नसते, तेथे बोर्ड तपासावा लागतो आणि ते काम प्रशिक्षित माणसाचे आहे. वीज गेल्यावर लगेच परत आली, तर फ्रिज किमान ३ ते ५ मिनिटे बंद ठेवावा, म्हणजे आतील दाब समान होतो.

वरचा फ्रीझर गार आहे, खालचा कप्पा नाही. गॅस संपला आहे का?

‘गॅस संपला’ हे निदान फार सहज केले जाते. फ्रिज आणि एसी यांतील वायू बंद नळ्यांत फिरत असतो. तो वापरून संपत नाही. तो कमी झाला असेल, तर कोठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला वायू पुन्हा निघून जातो. मेकॅनिकने गळती कोठे सापडली ते दाखवावे, दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम करावे, म्हणजे नळ्यांतील हवा काढून टाकावी, आणि मगच वायू भरावा, असा आग्रह धरणे हा ग्राहकाचा हक्क आहे. अनेक नव्या फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायू असतो. त्यामुळे बंद स्वयंपाकघरात ज्वालेची गॅस टॉर्च पेटवून त्याच्या नळ्या जोडणे धोक्याचे आहे.

फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये या लक्षणाचे नेहमीचे कारण वेगळेच असते. मागच्या कॉइलवर बर्फाची भिंत साचते आणि थंड हवा खाली उतरत नाही. फ्रिज रिकामा करून, दारे उघडी ठेवून २४ तास बंद ठेवावा. त्यानंतर तो काही दिवस उत्तम चालला आणि पुन्हा तसाच झाला, तर बर्फ वितळवणारा डीफ्रॉस्ट हीटर, त्याचा बायमेटल (तापमानानुसार चालू-बंद होणारा स्विच) किंवा टायमर यांपैकी एक खराब आहे. हे भाग वायूच्या दुरुस्तीपेक्षा पुष्कळच स्वस्त असतात. साध्या एकदारी फ्रिजमधला बर्फ सुरीने कधीही खरवडू नये. अॅल्युमिनियमच्या पातळ भिंतीला भोक पडले की वायू खरोखरच निघून जातो.

उन्हाळ्यात फ्रिजच्या मागे वीतभर जागा मोकळी ठेवावी आणि दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून ती सहज सुटते का ते पाहावे. सहज सुटत असेल, तर तेथून उष्णता आत येत आहे.

कोराडी आणि खापरखेडा ही वीजनिर्मिती केंद्रे शेजारी असताना नागपुरात व्होल्टेज कमी का होते?

वीजनिर्मिती केंद्र जवळ असण्याचा आणि घरातील व्होल्टेजचा थेट संबंध नाही. आपल्या गल्लीतील डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) किती भार आहे आणि तेथून आपल्या घरापर्यंतची तार किती लांब व किती बारीक आहे, यावर ते ठरते. उन्हाळ्याच्या रात्री सगळ्या घरांतील एसी एकदम सुरू झाले की टोकाच्या घरांना त्याचा फटका बसतो. कमी व्होल्टेजवर सुरू होण्यासाठी धडपडणारी मोटर जास्त प्रवाह ओढते आणि तापते. अशा वस्तीत फ्रिज आणि एसीला त्यांच्या क्षमतेनुसार स्टॅबिलायझर लावावा, आणि रात्री व्होल्टेज नियमित पडत असल्यास महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा.

काही दिवे अचानक प्रखर झाले आणि काही मंदावले. काय करावे?

त्याच क्षणी मुख्य स्विच बंद करावा. थ्री फेज पुरवठ्याची न्यूट्रल तुटली, की काही घरांत किंवा खोल्यांत २३० ऐवजी ३०० ते ४०० व्होल्टपर्यंत दाब पोहोचू शकतो आणि एकाच वेळी टीव्ही, फ्रिज, चार्जर सगळेच जळते. शेजाऱ्यांनाही ताबडतोब सांगावे. दुरुस्तीनंतर मल्टिमीटरवर व्होल्टेज पाहूनच उपकरणे पुन्हा जोडावीत.

दुपारी एसी मध्येच बंद पडतो, रात्री मात्र नीट चालतो.

पश्चिमेच्या उन्हात असलेला आउटडोअर युनिट धुळीने भरला, की उष्णता बाहेर फेकू शकत नाही आणि कॉम्प्रेसर स्वतःच्या संरक्षणासाठी थांबतो. कॉइल पाण्याने धुऊन घ्यावी आणि हवेचा मार्ग न अडवता वर सावली करावी. तरीही तसेच राहिले, तर कपॅसिटर तपासून घ्यावा.

वाटण करताना मिक्सर बंद पडला.

सावजी रश्श्यासाठी भाजलेले सुके खोबरे आणि खसखस एकदम भरून फिरवली, की तेल सुटून वाटण पात्याला घट्ट धरते आणि मोटरवर भार येतो. तळाशी लाल बटण असते, भार वाढला की ते सुटून मोटर बंद होते. मोटर गार होऊ देऊन, अर्ध्या तासाने ते दाबावे. मोटर फिरते पण पाते फिरत नसेल, तर कपलर, म्हणजे मोटर आणि पाते यांना जोडणारा भाग, झिजला आहे. आतून निळ्या ठिणग्या खूप दिसत असतील, तर कार्बन ब्रश संपत आले आहेत. ते जोडीनेच बदलावेत.

वॉशिंग मशीन पाणी बाहेर टाकत नाही, किंवा पाणी फारच हळू घेते.

फ्रंट लोड मशीनच्या खालच्या कोपऱ्यातील झाकणामागे ड्रेन पंपाचा फिल्टर असतो. नाणी, केसांचे आकडे आणि लहान मोजे तेथे अडकतात. तो उघडण्यापूर्वी खाली परात ठेवावी. पाणी हळू येत असल्यास नळाचा पाइप काढून मशीनच्या तोंडाशी असलेली छोटी जाळी स्वच्छ करावी; पावसाळ्यात गढूळ पाण्याने ती लवकर बुजते. सेमी ऑटोमॅटिक मशीनचा स्पिन फिरत नसेल, तर झाकणाचा स्विच, ब्रेकची तार आणि कपॅसिटर या क्रमाने पाहावे.

गीझर सुरू केल्यावर काही मिनिटांनी आरसीसीबी पडतो.

हे एलिमेंटच्या, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कॉइलच्या, आवरणाला तडा गेल्याचे लक्षण आहे. थंड असताना तडा मिटलेला असतो आणि तापल्यावर उघडतो. वीज मुख्य स्विचवरून तोडून एलिमेंटच्या दोन टोकांमधील रोध मोजावा. २००० वॉटच्या एलिमेंटचा रोध सुमारे २६ ओम येतो. तो अनंत दाखवला, तर एलिमेंट तुटले आहे. कोणतेही टोक आणि टाकी यांच्यामध्ये सातत्य दिसले, तर गीझर लगेच वापरातून काढावा. २००० वॉटचा गीझर जवळपास ९ अँपिअर घेतो, त्यामुळे तो ६ अँपिअरच्या सॉकेटवर कधीही लावू नये. गॅस गीझर असल्यास तो न्हाणीघराच्या बाहेर बसवावा. बंद जागेत त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

घरी मुळीच उघडू नये असे उपकरण कोणते?

मायक्रोवेव्ह. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये सुमारे २००० व्होल्टचा प्राणघातक भार राहू शकतो.

मेकॅनिकने भाग बदलला, पण बिघाड तसाच आहे. कोठे दाद मागावी?

दुरुस्तीच्या वेळीच काढलेला जुना भाग मागून घ्यावा आणि बिलावर बदललेल्या भागाचे नाव, किंमत आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्यावी. वॉरंटीत असलेले उपकरण बाहेर उघडण्यापूर्वी कंपनीकडे तक्रार नोंदवावी. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली ‘राइट टू रिपेअर’ हे संकेतस्थळ सुरू केले असून, त्यावर अनेक कंपन्यांच्या सेवा केंद्रांची आणि दुरुस्तीच्या अटींची माहिती मिळते. सेवा केंद्र दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. तेथेही प्रश्न सुटला नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर तेथे तक्रारीचे शुल्क लागत नाही, आणि वकील न नेमता स्वतःही बाजू मांडता येते. बिल, जॉब शीट, तक्रार क्रमांक आणि जुन्या भागाचे छायाचित्र एवढी कागदपत्रे सोबत ठेवावीत.